हत्ती, माड, होडी

मिरजेचे डॉक्टर म्हणाले, माझा डावा डोळा काचबिंदूनं गेला. शिकलेली माणसं, खोटं कशाला सांगतील? पण मला विचाराल तर तो जळफळाटानं गेला. समोरच्या दुकानात बसलेल्या एका माणसाकडे मी दोन वर्षं इतक्या रागानं बघत होतो की स्वतःच्या डोळ्याकडे बघायला मला सवडच झाली नाही.

मी गंगाराम. मालवणच्या बाजारात माझं चष्म्यांचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, आणि घरात मी नि माझी बायको सुगंधा. मुलगी कुडाळला दिलेली. तरुणपणी मी मुंबईला गिरगावात एका पारशाच्या चष्म्यांच्या दुकानात चार वर्षं होतो. लोकांना सांगायचो, तिथे शिकलो. खरं म्हणजे मी तिथे काचा पुसायचो. पण पुसता पुसताही माणूस चार गोष्टी बघतोच. गावी परतताना एक लाकडी पेटी घेऊन आलो, तिच्यात गोल भिंगं ओळीनं लावलेली. जवळचं दिसत नाही त्याला फुगीर काच, लांबचं दिसत नाही त्याला खोलगट. एक काच डोळ्यापुढे धरायची, ‘बरा दिसता?’ म्हणून विचारायचं, नाही म्हणाला तर पुढची धरायची. एवढ्यावर माझी वीस वर्षं मजेत गेली होती.

आणि माझ्याकडे तक्ता होता. तसा तक्ता साऱ्या कोकणात दुसरा नव्हता, हे मी आजही छाती पुढे काढून सांगेन. आमच्याकडे येणारी निम्मी माणसं मासेमारी करणारी, अक्षराशी संबंध नसलेली. त्यांना अक्षरांचा तक्ता दाखवून काय उपयोग? म्हणून मी पिंगुळीच्या सत्यवानाला गाठला. चित्रकथीची चित्रं काढणारं त्याचं घराणं. त्याच्याकडून जाड पुठ्ठ्यावर चित्रं काढून घेतली. सर्वांत वर वीतभर हत्ती. त्याखाली माड आणि होडी. मग कोंबडा, समई, कासव. मग खेकडा, शंख, आंबा, कोयता. आणि अगदी तळाला मुंगी, कोळंबी, माशी, भाताचं लोंब, पुन्हा मुंगी. चष्मा नको असला तरी माणसं तक्ता बघायला आत शिरायची. पावसाळ्यात दमट हवेनं त्याला बुरशी धरायची आणि दसरा झाला की सत्यवान रंगांच्या वाट्या घेऊन यायचा आणि होता तसा पुन्हा रंगवून द्यायचा.

वीस वर्षांत तो तक्ता सगळ्या गावाला पाठ झाला होता. बायका पोरांना झोपाळ्यावर घालून ‘हत्ती, माड, होडी’ म्हणायच्या. माझ्याकडे डोळे दाखवायला आलेली माणसंसुद्धा आरती म्हणावी तसा तो म्हणून दाखवायची, आणि मी खूश होऊन मान डोलवायचो. यात काही चुकतंय असं माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मी स्वतः रोज सकाळी माझे डोळे त्याच तक्त्यावर तपासायचो. मागच्या घरातून दुकानात येतानाच उजव्या डोळ्यावर तळहात दाबायचो, कारण आधी बघून घेतलं तर परीक्षा खोटी ठरते. सात पावलांवर उभा राहायचो, डाव्या डोळ्यानं तळच्या मुंगीपर्यंत जायचो, मग हात बदलून उजव्यानं. चहा त्यानंतर.

सत्तावन्न साली दिवाळीनंतर रोझारियो आला. इनास पाववाल्याचा मुलगा. लहानपणी पाठीवर पावाची टोपली घेऊन आमच्या दारावरून जायचा. बारा वर्षं मुंबईला एका मोठ्या इस्पितळात डोळ्यांच्या डॉक्टरांच्या हाताखाली होता म्हणे. त्याची मावशी पिएदाद हिचं घर बरोबर माझ्या दुकानासमोर. तिच्या पुढच्या खोलीत त्यानं आपलं दुकान थाटलं. साऱ्या मालवणात त्याला माझ्या नाकासमोरचीच जागा मिळाली.

पहिल्याच दिवशी त्यानं भिंतीवर डोळ्याचं एक मोठं चित्र लावलं. डोळा मधोमध चिरून आतलं सगळं दाखवलेलं आणि बाजूला नावं लिहिलेली. पारपटल, बुबुळ, बाहुली, भिंग, दृष्टिपटल. तो लोकांना समजावून सांगायचा, डोळा म्हणजे एक खोलीच समजा. पुढची काच म्हणजे पारपटल. काचेमागे रंगीत पडदा, तो बुबुळ. पडद्याच्या मधलं भोक म्हणजे बाहुली, उजेडात ती बारीक होते, काळोखात मोठी. तिच्यामागे भिंग, आणि अगदी मागच्या भिंतीला दृष्टिपटल, तिथे चित्र उमटतं. तिथून एक जाड नस ते चित्र मेंदूकडे नेते. माणसं तोंड उघडी टाकून ऐकायची. माझ्या हत्तीकडे वळून बघणारी माणसंच आता त्या चिरलेल्या डोळ्यासमोर उभी राहायची, आणि मला इकडे पोटात दुखायला लागायचं.

मी ती नावं माझ्या दुकानात बसूनच वाचली. रस्त्याच्या पलीकडची बारीक अक्षरं, सतरा पावलांवरून. मला त्याचा केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू. दोन दिवसांत नावं पाठ केली आणि गिऱ्हाइकांवर फेकायला लागलो. माशाचं खवलं डोळ्यात गेलेल्या एका गाबीत मच्छीमाराला मी सांगितलं, तुझ्या दृष्टिपटलात खवलं अडकलंय. तो बिचारा समोर गेला. रोझारियोनं पापणी उलटून, कापसानं खवलं काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि हसत म्हणाला म्हणे, हे दृष्टिपटलापर्यंत गेलं असतं तर तू इथवर चालत आला नसतास. ते हसणं मला माझ्या खुर्चीवर ऐकू आलं.

मग एकेक प्रकरण व्हायला लागलं. किनाऱ्यावरची काही मुलं दिवेलागणीला ठेचकाळायची. मी त्यांना वर्षभर चष्मे देत होतो. रोझारियोनं त्याला रातांधळेपणा म्हटलं आणि मोरी माशाच्या काळजाचं तेल चमचाभर रोज द्यायला सांगितलं. महिन्याभरात मुलं तिन्हीसांजेची वाळूत धावायला लागली. हौसाबाईचं तर मला फारच लागलं. सत्तरीची म्हातारी, माझ्यासमोर उभी राहून मुंगीपर्यंत तक्ता म्हणाली होती, आणि मी तिला तुझे डोळे पोरीसारखे आहेत म्हणून परत पाठवली होती. रोझारियोनं तिला फक्त खिडकीत उभी केली. बाहुलीत पांढरं दिसत होतं, मोतीबिंदू पिकलेला. त्याचा तक्ता वेगळा होता. त्यावर तीन दात्यांचा एकच कंगवा, कधी वर तोंड केलेला, कधी खाली, कधी आडवा. कुठल्या बाजूला दाते आहेत ते हातानं दाखवायचं. शिवाय तो तक्ता उलटासुलटा करून लावायचा, म्हणजे पाठ करायची सोय नाही. हौसाबाईला पहिला कंगवासुद्धा सांगता आला नाही. ती गावभर म्हणत फिरली, गंगारामशेटनं मला आंधळी करून ठेवली होती.

मला तो माणूस डोळ्यासमोर नको झाला. त्याची इस्त्रीची पँट नको, त्याचं हळू बोलणं नको, पिएदाद त्याला दुपारी बशीत घालून देत असलेला पाव नको. तो माझ्याबद्दल कधी वाईट बोलला नाही, याचा तर मला सर्वांत जास्त राग. शिवी दिली असती तर मीही दिली असती आणि मोकळा झालो असतो.

त्याच दिवसांत माझ्या आसपासची माणसं बेशिस्त व्हायला लागली. सायकलवाले डावीकडून घंटी न वाजवता यायचे आणि अंगावर आल्यावर माझ्यावरच ओरडायचे. सुगंधा चहाचा पेला भलत्याच जागी ठेवायची, माझं कोपर लागून तो सांडायचा. दाराची डावी चौकट माझ्या खांद्याला लागायची. संध्याकाळी दिवा लावला की त्याच्याभोवती रंगीत कडं दिसायचं, आणि मी रॉकेल भेसळीचं आहे म्हणून दुकानदाराशी भांडायचो. कधी डावी भुवई ठणकायची. ती ठणकली की मी समोर बघायचो आणि मनात म्हणायचो, ह्याच्यामुळे माझं डोकंसुद्धा उठलं.

एकोणसाठच्या चैत्रात सुगंधा माहेरच्या हळदीकुंकवाला वेंगुर्ल्याला गेली होती. मी भात शिजवायचा म्हणून तांदळाच्या डब्यात हात घातला तर हाताला चष्मा लागला. माझ्या दुकानातला नव्हे. माझ्या चष्म्यांची काडी मी झोपेत ओळखेन. चष्म्याबरोबर एक कार्ड होतं. त्यावर दोन वर्तुळं काढलेली, खाली आकडे, आणि डाव्या वर्तुळात पेनानं एक ठिपका. ठिपक्याशेजारी स्वच्छ मराठीत लिहिलेलं, ‘बुबुळात तीळ, जन्माचा.’

मी तो ठिपका बघत चुलीसमोर बसून राहिलो. डोळ्याच्या आत बघायचं एक यंत्र रोझारियोकडे होतं, बॅटरीवर चालणारं. ते घेऊन तो माणसाच्या इतका जवळ जायचा की नाकाला नाक लागावं. खोलीचं दार लोटून, पडदा ओढून. तसा तो माझ्या बायकोच्या डोळ्यात बघत होता. बावीस वर्षं संसार केला, पण तिच्या डोळ्यात तीळ आहे हे मला माहीत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुगंधा परत आली तेव्हा मी चष्मा आणि कार्ड ओटीवर मांडून बसलो होतो. ती घाबरेल असं मला वाटलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली, चष्मा उचलून पदराला पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"तुमच्या चष्म्यान माका एका खड्याचे दोन दिसतत," ती म्हणाली. "त्यातलो खरो खंयचो ता कळणा नाय. म्हणान खडो भातात ऱ्हवता आणि तुमी माका बोलतास."

तिच्या डोळ्याची पुढची काच गोल नाही, थोडी अंड्यासारखी आहे, तिला एकाच अंगानं वळलेली, सिलिंडरची काच लागते, असं रोझारियोनं सांगितल्याचं ती पुढे म्हणाली. माझ्या पेटीत सिलिंडरची काच नव्हती. पारशाकडे मी गोलच काचा पुसल्या होत्या. पण तेव्हा मला काचेचं काही सुचत नव्हतं. तीळ त्यानं किती वेळ बघितला, एवढंच मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं बघितलं की मी तिथून उठलो.

उठलो तो थेट समोर गेलो. रस्त्यात डावीकडून एक सायकल आली, तिचा मला धक्का लागला. रोझारियोच्या दारातलं बाकडं माझ्या डाव्या गुडघ्याला लागलं. तरी मी थांबलो नाही. दारातच उभा राहून त्याला जे बोलायचं ते सगळं बोललो. परक्या बायकांच्या तोंडाजवळ तोंड नेणं ही कसली विद्या, असं विचारलं. तुझ्या बापानं टोपलीतून पाव विकला तसा तूही विक म्हणून सांगितलं. पिएदाद आतून बाहेर आली आणि परत आत गेली. रोझारियो माझ्याकडे बघत होता, पण त्याचं लक्ष माझ्या बोलण्याकडे नव्हतं. तो उठला, माझ्या डाव्या अंगाला येऊन उभा राहिला. तो कुठे गेला हे मला क्षणभर कळलं नाही.

"गंगारामशेट," तो माझ्या कानाशी म्हणाला, "जरा बसा."

मी का बसलो, कुणास ठाऊक. गुडघा दुखत होता म्हणून असेल. तो समोर बसला, मला उजवा डोळा झाकायला सांगितला, आपल्या नाकाकडे बघायला सांगितलं आणि बाजूनं बोट हलवत आणलं. बोट दिसलं की सांगा. मी वाट बघत बसलो. मग त्यानं माझ्या मिटलेल्या पापण्यांवर दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं, आधी एका, मग दुसऱ्या. त्याचा चेहरा उतरला.

"डाव्या डोळ्यात काचबिंदू आसा," तो म्हणाला. "आत पाण्याचो दाब वाढता आणि मागची नस चेपता. ग्येली ती नजर परत येवची नाय, पण उरलेली वाचतली. उद्याच मिरजेक जावा."

आता तुम्ही म्हणाल, ह्या माणसानं ऐकायला पाहिजे होतं. पण माझ्या जागी बसून बघा. ज्यानं माझी गिऱ्हाइकं नेली, माझ्या बायकोच्या डोळ्यातला तीळ माझ्याआधी बघितला, तो मला सांगतो, दुकान बंद कर आणि महिनाभर मिरजेला जाऊन पड. मला त्यात त्याचा डाव दिसला. मी त्याला सांगितलं, तुझ्या भिंतीवरची नावं मी माझ्या खुर्चीतून वाचतो आणि रोज मुंगीपर्यंत तक्ता म्हणतो, दोन्ही डोळ्यांनी. तो म्हणाला, नावं वाचतो तो उजवा डोळा. मी उठून निघून आलो.

आणि मी तेवढ्यावर थांबलो नाही. बाजारात बसून सांगायला लागलो की त्याच्या यंत्राचा उजेड डोळ्याची नस जाळतो. बाबली न्हाव्याला सांगितलं म्हणजे सगळ्या मालवणला सांगितल्यासारखंच. महिनाभर त्याच्याकडे माणूस फिरकला नाही. तो रिकाम्या दुकानात बसून तक्ता पुसायचा आणि मधूनच माझ्याकडे बघायचा. मला वाटायचं, जळतोय. मला फार बरं वाटायचं.

एक उन्हाळा गेला, एक पावसाळा गेला. सकाळी तक्ता म्हणताना डाव्या डोळ्यापुढे धुकं असायचं. मी म्हणायचो, बुरशी आहे, सत्यवान आला की स्वच्छ होईल. सुगंधा तेव्हा मागच्या दारात चहा घेऊन उभी असायची. ती पूर्वी कधी उभी राहत नव्हती. रोझारियो तिला काय बोलला होता आणि ती त्याला काय, ते मी विचारलं नाही. तिचा चष्मा आता उघडपणे नाकावर असायचा, आणि त्याच्यामागून ती माझ्याकडे बघायची ते मला सोसायचं नाही.

दसऱ्यानंतर सत्यवान आला. दोन दिवस तो मागच्या पडवीत पुठ्ठा आडवा ठेवून रंगवत होता. मी एकदा डोकवायला गेलो तर सुगंधानं मला रंग ओले आहेत म्हणून हाकललं. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यानं तक्ता दुकानात टांगला.

मी नेहमीसारखा उजव्या डोळ्यावर तळहात दाबूनच बाहेर आलो. सात पावलांवर उभा राहिलो. सत्यवान पायरीवर बसलेला, सुगंधा दारात. आज दोघांपुढे खणखणीत म्हणून दाखवावं म्हणून मी आवाज चढवला. हत्ती. माड, होडी. कोंबडा, समई, कासव. खेकडा, शंख, आंबा, कोयता. मुंगी, कोळंबी, माशी, लोंब, मुंगी. एकदाही अडखळलो नाही. धुकं होतं, पण धुक्यामागे मला हत्ती दिसत होता, सोंड वर केलेला. मी शपथेवर सांगतो, दिसत होता.

सत्यवान मान खाली घालून आपल्या बोटांवरचा रंग खरवडत होता.

"हत्ती खंय आसा?" सुगंधा म्हणाली. "हात काढा आणि बघा."

मी हात काढला. वर हत्ती नव्हता. तिथे वीतभर मोठा, लाल रंगाचा घोडा होता. माड नव्हता, होडी नव्हती. त्या जागी कुणाचं तरी घर आणि एक गाय होती. सगळा तक्ता वेगळा होता. वरपासून तळापर्यंत एकही चित्र माझं नव्हतं.

मी पुन्हा उजवा डोळा झाकला. आता घोडा आहे हे ठाऊक होतं, तर धुक्यात घोडा दिसायला लागला. तेव्हा मी खाली बसलो. मी किती दिवस न बघता बघत होतो, ते माझं मलाच सांगता येईना. हौसाबाई आठवली. अख्खं गाव माझ्यापुढे उभं राहून तक्ता म्हणताना आठवलं.

सुगंधा माझ्याजवळ येऊन बसली. हे तुला त्यानं शिकवलं का, असं मी विचारलं. त्या घटकेलासुद्धा मला तेच विचारावंसं वाटलं, काय करू? ती नाही म्हणाली. त्यानं फक्त एवढंच सांगितलं होतं की तुमचा नवरा माझं ऐकणार नाही. चित्रं बदलायचं तिच्या मनात आलं होतं.

त्याच दिवशी एसटीनं कोल्हापूर, तिथून मिरज. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्यात थेंब घातले, यंत्रं लावली, आणि रोझारियोनं दोन बोटांनी सांगितलं होतं तेच सांगितलं. डाव्या डोळ्याची नस सुकलेली होती. उजव्यातही दाब चढायला लागला होता. उजव्याचं ऑपरेशन केलं, पाण्याला वाट करून दिली, तो वाचला. चैत्रात आला असतात तर डाव्यात थोडंफार उरलं असतं, असं डॉक्टर सहज बोलून गेले. सुगंधा तेव्हा खिडकीबाहेर बघत होती.

आता रोझारियो रोज माझ्या डोळ्यात औषधाचे थेंब घालतो. सुगंधाचा हात हलतो म्हणून मीच जातो. बाबलीकडे जाऊन यंत्राबद्दल मी खोटं बोललो होतो, असं चार माणसांत सांगून आलो. दुकान चालू आहे. काड्या, खिळे, तुटलेल्या दांड्या माझ्याकडे, आणि डोळे बघायचे असले की माणसाला मी समोर पाठवतो. रोझारियोनं एकदाही मला ‘सांगितलं होतं’ म्हणून ऐकवलं नाही. त्याचं हे चांगलेपण मला अजूनही फार सोसत नाही.

मिरजेहून आल्यावर उजव्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी दुपारी मी सुगंधाला ओटीवर उजेडात बसवलं. काय ते तिला कळेना. मी तिचा चष्मा काढला आणि तिच्या डाव्या डोळ्यात बघत राहिलो, नाकाला नाक लागेपर्यंत. बुबुळ तपकिरी, काजूच्या सालीसारखं. बाहुली उजेडानं बारीक झालेली. आणि बाहुलीच्या खाली, जरा कानाच्या बाजूला, तिळाएवढा काळा ठिपका. बावीस वर्षं तो तिथेच होता आणि माझे दोन्ही डोळे तेव्हा धड होते.

"मिळालो?" तिनं विचारलं.

मी मिळाला म्हणालो. पण तो रोझारियोला आधी मिळाला होता, हे अजूनही माझ्या जिवाला लागतं.